दाजींचा गट

आमच्या तालुक्यात "कुठल्या गटाचा?" असं विचारलं
की माणूस आधी आजूबाजूला बघतो,
मग आवाज खाली आणून नेत्याचं नाव सांगतो.
दाजी मात्र गेल्या गणपतीपासून
छाती काढून सांगायचे, "ए पॉझिटिव्ह."

पुतण्यानं मोबाईलवर कुठलासा तक्ता पाठवला होता.
ए गटाचे पूर्वज म्हणे शेतकरी,
त्यांना मटण सोसत नाही, म्हशीचं दूध तर विषच.
कारखान्याच्या वजनकाट्यावर तीस वर्षं नोंदी केलेला माणूस,
रकाने आखलेले दिसले की त्याला खरंच वाटतं.

रविवारचं मटण बंद. चहा कोरा.
आक्का दोन पातेली चढवू लागली:
एकात दाजींचा दुधी, बिनतिखटाचा,
दुसऱ्यात घरादाराचा रस्सा,
ज्याच्या वासाला दाजी दार लावून बसायचे.
सकाळी कॅनॉलच्या कडेनं चार किलोमीटर,
रात्रीचं जेवण सातच्या आत,
बारशातलं श्रीखंडसुद्धा हात जोडून परत.

आठ महिन्यांत अकरा किलो.
साखर उतरली, पट्ट्याला खिळ्यानं दोन भोकं पाडली.
मला म्हणाले, "तू मिरजेत एवढी रक्तं तपासतीस,
तुझ्या डॉक्टरास्नी जमलं न्हाई ते ह्या तक्त्यानं केलं."
"रोज चालताय ना दाजी, त्यानं असेल."
"चालत्यात समदीच. गट पाळतंय कोण?"

मेमध्ये तासगावात रक्तदान शिबिर.
दाजी सगळ्यांच्या आधी हजर, नव्या सदऱ्यात.
मी पांढऱ्या टाइलवर तीन थेंब ठेवले,
एकावर निळं औषध, एकावर पिवळं, एकावर बिनरंगी.
काडीनं ढवळून टाइल हळूहळू डोलवली.
निळ्यातलं रक्त फाटायला हवं होतं, नासलेल्या दुधासारखं.
फाटलं नाही.
साळसूद, एकसारखं लाल.
पिवळ्यातही तसंच.
फक्त तिसऱ्यानं रवा धरला.
परत केलं. बाटल्या बदलून परत केलं.
ओ.

कारखान्याच्या जुन्या ओळखपत्रावर
कुणा कारकुनाचं बोट घसरलं असेल.
त्या एका अक्षरावर या माणसानं
आठ महिने मटण सोडलं,
आणि वर बराही झाला.
तक्त्यात ओ समोर काय आहे, मला पाठ होतं:
मटण खा.

नुसतं ताटाचं असतं तर गप्प बसले असते.
दुधीनं कुणाचं वाईट झालेलं नाही.
पण आमच्या फ्रिजमधल्या पिशवीला अक्षर चुकलं
तर धडधाकट माणूस संध्याकाळपर्यंत जातो.
तिथं रक्त रक्ताला ओळखतं, आणि माफ करत नाही.
भाकरीला ते कधी विचारत नाही, तू कुणाची.

सांगितलं. दाजी बराच वेळ
हातातल्या बिस्किटाच्या पुड्याकडे बघत राहिले.
मग म्हणाले, "मंजे मी ए न्हाईच?"
"कधीच नव्हता."
"मग साखर कुणाची उतरली?"
मला हसू आलं. त्यांना आलं नाही.
गट बदलला की माणसाला गावात तोंड दाखवता येत नाही,
आणि हे तर न बदलता.

जुनं कार्ड मी तिथंच कात्रीनं कापलं.
कापू दिलं, पण तुकडे खिशात घातले.

रविवारी गेले तर दुधी होताच.
"सवय झालीया," दाजी म्हणाले, पण दार उघडं होतं.
आक्का नेहमीसारखी मागाहून बसली,
दोन्ही पातेल्यांत उरलेलं एकाच ताटात घेऊन,
वर मूठभर शेंगदाण्याची चटणी.
तिचा गट बी. मला तिच्या पहिल्या बाळंतपणापासून माहीत आहे.
तक्त्यात बी ला शेंगदाणा वर्ज्य.
आठ महिन्यांत तिला कुणी विचारलं नव्हतं,
तिनंही सांगितलं नव्हतं.
"वाढू का गं तुला?" ती म्हणाली,
आणि मी कुठल्या पातेल्यातलं, ते न विचारता
ताट पुढं केलं.